थोरलं भिंग

तुमच्या घरात भिंतीवरून उतरवून पेटीच्या तळाशी टाकलेला एखादा फोटो आहे का? उघड्यावरचा, शेतातला — मागे करडई फुललेली, पुढे तुमचा बाप नाहीतर तुमची आत्या उन्हात डोळे बारीक करून हसते आहे, असा? असेल तर तो का उतरवला ते आठवा. मग पुढचं वाचा.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, छापखान्यातल्या सोबत्यांनाही नाही. माझी पत्रकं तुम्ही वाचली आहेत — हद्दीपलीकडून, सोलापुराहून कापडाच्या गठ्ठ्यांतून चोरून येणारी, खाली नाव नसलेली. ‘भिऊ नका’ हे दोन शब्द मी त्यांत किती वेळा लिहिले असतील! आणि लिहिणारा? तो कशाला भ्याला होता? ते कुठल्याच पत्रकात आलं नाही.

पण आधी मला सिद्रामअण्णाबद्दल सांगू द्या. तुम्ही म्हणाल, मुद्दा टाळतोय. टाळतही असेन. पण तो माणूस कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

सिद्रामअण्णा भालकीच्या तेलव्यापाऱ्यांच्या घरातला. गळ्यात लिंग, अंगात मुंबईहून शिवून आणलेला कोट, आणि त्या कोटाचा कोण तोरा! घरात कानडी, बाजारात मराठी, कचेरीत उर्दू — आणि तिन्ही भाषांत थट्टा. घाण्यावर बसायचं सोडून हा भर उन्हात गावोगाव हिंडायचा. सगळ्या मुलखात नसेल असा एक छोटा जर्मन कॅमेरा त्याच्यापाशी होता. त्याची भिंगं फिरवून काढता येत आणि दुसरी बसवता येत. अशी तीन भिंगं कोटाच्या खिशांत, पिवळ्या फडक्यांत गुंडाळलेली. त्यांची नावं त्यानं घरातल्या भावांसारखी ठेवली होती — धाकटं, मधलं, थोरलं.

मी तेव्हा नुकता लिहायला लागलो होतो. त्याच्या पिशव्या उचलायच्या आणि त्याचं बोलणं ऐकायचं, यासाठी मी त्याच्या मागे मैलोन्‌मैल चाललो आहे. कुठं बाहेर निघताना कोणतं भिंग घ्यावं, हे त्यानं मला जसं शिकवलं तसं मला कुणी लिहायलाही शिकवलं नाही.

तो म्हणायचा, रोज हिंडायचं असेल तर मधलं लाव आणि बाकीची विसरून जा. मधलं म्हणजे भाकरी. डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवतं — वाढवत नाही, लपवत नाही. चार पावलं पुढं-मागं सरकायची तयारी असली की त्यानं सगळं भागतं. धाकटं लावायचं ते किल्ल्याच्या तटाला, भरल्या बाजाराला, खळ्यावरच्या राशीला. ते दोन्ही हात पसरून सगळं कवेत घेतं. पण धाकटं लावून माणसाच्या फार जवळ गेलास तर त्याचं नाक तेवढं घरी घेऊन येशील.

आणि थोरलं? ते जड. हात जरा हलला की सगळं पुसतं. त्याला झाडाचा नाहीतर चाकाचा टेकू लागतो. लांबचं ते जवळ ओढून आणतं — मागची टेकडी माणसाच्या खांद्यावर येऊन बसते, आणि पन्नास हातांवरून कुणाच्या कानातली भिकबाळीसुद्धा ओळखता येते. म्हणूनच थोरल्याला त्यानं एक नेम घालून ठेवला होता. ज्याचा फोटो काढायचा त्याच्यापर्यंत आधी चालत जायचं, ‘थोरलं लावायलोय, तुजं तोंड दिसल’ असं त्याला सांगायचं, आणि तो व्हय म्हणाला की माघारी येऊन मग काढायचा. न सांगता थोरलं लावणं म्हणजे दुसऱ्याच्या दाराच्या फटीतून बघणं, असं तो म्हणे.

मी हसायचो. एकदा नौबादच्या माळावर एक धनगर मेंढरांत उभा होता. फार देखणं दिसत होतं. अण्णा चालत गेला, सांगून आला, कॅमेरा डोळ्याला लावला — तोवर मेंढरं सरकलेली. पुन्हा गेला. पुन्हा सरकली. तिसऱ्या खेपेला धनगरच ओरडला, “आण्णा, तुमी थांबा थितंच! मेंढरं घिऊन म्याच येतो तुमच्या दारात!” अण्णा मटकन खाली बसून हसला. कोट सगळा धुळीनं माखला. तो फोटो शेवटी निघाला, आणि आठ दिवसांनी तो धनगराच्या हातात द्यायला अण्णा पुन्हा चालत गेला.

अशानं गावोगावी त्याचे फोटो भिंतींवर गेले. देवांच्या तसबिरींशेजारी. आपल्या माणसांनी आपलं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्यामुळे — आणि तेही कुणाच्या उसन्या खुर्चीवर बसून नव्हे, स्वतःच्या शेतात उभं राहून. मी इतकी पत्रकं लिहिली. माणसाला ताठ उभं करणारं असं काही माझ्या हातून झालं का? मला वाटत नाही.

आता सांगतो.

जर्मनांशी लढाई चालू होती, ते दिवस. लेव्हीची, म्हणजे सक्तीनं वसूल केलेली ज्वारी सरकारात जात होती आणि पेरणाऱ्यांची पोरं कण्या खात होती. कमलनगरच्या पलीकडच्या एका गावानं ठरवलं की लेव्हीच्या गाड्या शिवेबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. सगळ्या गावानं गाड्यांपुढे उभं राहायचं. त्याचा फोटो पत्रकात यावा, ही कल्पना माझी. अण्णा आधी नको म्हणाला. मग स्वतः त्या गावी गेला, पुढे उभे राहणार होते त्यांच्या घरी बसला, आणि त्यांना शब्द देऊन आला — फोटो लांबून काढू, तोंडं दिसणार नाहीत.

त्या दिवशी त्याला हिवताप भरला. दोन वाकळांखाली कुडकुडत त्यानं कॅमेरा माझ्या हाती दिला. धाकटं भिंग स्वतः बसवून दिलं.

“टेकाडावरल्या लिंबापासनं काड,” तो म्हणाला. “किती हायती ते दिसू दे. कोन हायती ते दिसू देऊ नको. भिंग बदलू नको, तम्मा.”

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तो मला नेहमी असंच हाक मारायचा.

मी त्या कडुलिंबाखाली उभा राहिलो. खाली गाड्या, बैल, आणि बैलांपुढे गाव. सगळ्यांत पुढे गणपतराव, ज्याच्या घरी बसून अण्णा शब्द देऊन आला होता तो — जुवावर हात टेकून उभा, मान वर. काय दिसत होता तो! मी कॅमेरा डोळ्याला लावला. धाकट्या भिंगातून तो मुंगीएवढा. सगळे मुंग्यांएवढे. मला वाटलं, हे छापून काय होणार? चेहऱ्याशिवाय संताप कसला? सोलापुरात, पुण्यात बसून हे बघणाऱ्याला मुंग्या पाहून काय पेटणार?

आणि थोरलं भिंग माझ्या खिशात होतं. अण्णानं दिलेलं नव्हतं. मीच त्याच्या कोटातून काढून घेतलं होतं — म्हणजे लिंबाखाली मोह झाला, असंही मला म्हणता येत नाही. मी घरूनच ठरवून निघालो होतो.

खाली उतरून सांगता आलं असतं. चालत गेलो असतो तर एक विडी ओढून होईल एवढाही वेळ लागला नसता. ‘गणपतराव, तोंड दिसल, चाललं का?’ एवढंच विचारायचं होतं. कदाचित तो व्हयसुद्धा म्हणाला असता. पण नको म्हणाला असता तर? तर माझा फोटो गेला असता. म्हणून मी गेलो नाही. लिंबाच्या खोडाला टेकू घेतला, श्वास रोखला, थोरल्या भिंगातून फोटो काढला. फिल्म अण्णाला न दाखवता थेट सोलापूरला पाठवली, आणि त्याला सांगितलं की छापखान्याला घाई होती.

फोटो अप्रतिम आला. हेही कबूल करतो — तो पाहून मला आनंद झाला. गणपतरावाची मान, भिकबाळी, कपाळावरची शीर. मागची गर्दी थोरल्या भिंगानं दाटीवाटीनं त्याच्या पाठीशी आणून उभी केली होती.

पत्रक गावोगाव गेलं तसं पोलिसांच्या अमिनाकडेही गेलं. गणपतराव आणि पुढच्या रांगेतले आणखी दोघं बिदरच्या तुरुंगात गेले. गणपतराव परतला तो एका कानानं बहिरा होऊन. भिकबाळी होती त्याच कानानं.

अमिनानं अण्णालाही चावडीत नेऊन बसवलं. कॅमेरा कुणाच्या हातात होता, हे अण्णानं सांगितलं नाही. त्याचं घराणं मोठं, ओळखी मोठ्या — सोडून दिलं. आणि लोकांना तेच खुपलं. याला सोडलं कसं?

मग कमलनगरचा बाजार. गणपतराव अजून आत होता. त्याची बायको रुक्मिणअक्का भर बाजारात अण्णापुढे येऊन उभी राहिली. ओरडली नाही.

“आण्णा, तुमी माज्या वसरीवर बसून भाकर खाल्ली. तोंड दिसनार न्हाई म्हनलाव. म्हनलाव का न्हाई?”

“म्हनलो, अक्का.”

“मग कामून दिसलं?”

मी तिथेच होतो, अण्णाच्या शेजारी. माझ्या खांद्यावर त्याची पिशवी होती. अण्णानं माझ्याकडे पाहिलं — फार वेळ नाही, रागानंही नाही. नुसतं पाहिलं. मी मिरच्यांच्या ढिगाकडे बघत राहिलो. त्या मिरच्या मला आजही देठांसकट आठवतात.

“कॅमेरा माजा हाय, अक्का,” अण्णा म्हणाला.



इथं थांबलो असतो तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. पण गावं आता पत्रकं घेईनात. लोक म्हणू लागले, तुमच्या कागदानं माणसं आत जातात. मला उत्तर द्यायला हवं होतं — मला नेहमीच उत्तर द्यायला हवं असतं. मी लिहिलं: ‘ज्या बेफिकीर हौशी हातांनी आपल्या शूरांचे चेहरे दुष्मनाच्या हवाली केले, त्या हातांना आपल्या घरात जागा नको.’ नाव घातलं नाही. घालायची गरज काय? मुलखात तसा कॅमेरा एकच होता.

ते वाक्य माझं आहे. तुम्ही ते वाचलंत, मानलंत, आणि भिंतींवरचे फोटो उतरवलेत. मी स्वतः एका ओसरीवर पाहिलं — भिंतीवर फोटोपुरता चौकोन उजळ राहिला होता, नुकताच सारवल्यासारखा.

अण्णा गुलबर्ग्याला गेला.

मागल्या महिन्यात मी त्याला शोधत गेलो. स्टेशनाच्या बाजूला एक खोली. आत पडदा — त्यावर रंगवलेला तलाव, रंगवलेला हंस, रंगवलेलं झाड. ज्यानं एका खऱ्या माळासाठी तीनदा उन्हात पायपीट केली, तो माणूस त्या कापडी झाडापुढे लोकांना बसवतो. कोट तोच, कोपरांवर विरलेला. मला बघून म्हणाला, “यी. ह्या झाडाची पानं कवाच गळत न्हाईत, सोईचं हाय.”

मी बोलायला तोंड उघडलं. त्यानं हातानं थांबवलं.

“छापलेला कागद बगितला तवाच वळकलं म्या. मागली मानसं त्याच्या मानंवर चडून बसल्याली. धाकट्याला तसं जमतंय व्हय?”

एवढी वर्षं त्याला ठाऊक होतं. बाजारातही ठाऊक होतं.

मग त्यानं मला पडद्यापुढच्या स्टुलावर बसवलं. थोडा विचार करून पडदा गुंडाळून टाकला; मागे उघडी भिंत राहिली. पिवळ्या फडक्यातून भिंग काढलं, बसवलं, आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. मग तिथून चालत माझ्यापर्यंत आला.

“थोरलं लावायलोय,” तो म्हणाला. “तोंड दिसल तुजं. चाललं?”

मी व्हय म्हणालो. तो माघारी गेला आणि त्यानं फोटो काढला.

त्यानं मला माफ केलं का? मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

या पत्रकावर छापला आहे तो फोटो तोच. पत्रकाखाली या वेळी माझं नावही आहे. ज्याला ओळखायचं त्यानं ओळखावं — अमिनानंही, गणपतरावानंही, रुक्मिणअक्कांनीही. माझ्यासाठी मला तुमच्याकडून काही नको.

पण ती पेटी उघडा. तळाशी पडलेला तो फोटो बाहेर काढा, त्यावरची धूळ पुसा, आणि भिंतीवर जिथं उजळ चौकोन राहिला आहे तिथंच तो पुन्हा लावा. आजच लावा.