वीरपत्नीची शाल

यंदा सव्वीस जानेवारीला छत्रीबागेतल्या आमच्या जुन्या मराठी मंडळाने माझा सत्कार ठरवला. मी फौजेच्या इस्पितळात नर्स होते, मेजर म्हणून निवृत्त झाले. शालींचा मला कंटाळा आहे. पण नातीला फौजेत अफसर व्हायचंय, आणि तिचा बाप, म्हणजे माझाच दिवटा, "मुलींचं काम नाही ते" म्हणून अडून बसलाय. म्हटलं, चार लोकांत आईचा हुद्दा ऐकला तर डोकं ठिकाणावर येईल. म्हणून सगळ्यांना घेऊन गेले.

सत्काराआधी पडद्यावर जुन्या युद्धपटांचे तुकडे दाखवले. काय ते तुकडे! एका पलटणीत प्रत्येक प्रांताचा एकेक नमुना. सरदारजी विनोदाला, मद्रासी इडलीच्या आठवणी काढायला, मुसलमान मरून निष्ठा सिद्ध करायला. आणि आपला मराठी गडी? तो भांडी घासतो, "आई गं" म्हणतो आणि मध्यंतराच्या आत खलास. आमच्या मंडळींनी त्याच्या मरणाला टाळ्या वाजवल्या! आपला माणूस पडद्यावर दिसला ना, मग मेला तरी चालतंय यांना. हीरो मात्र कुठल्याच प्रांताचा नाही. तो नुसता गोरा.

मग नर्स आली. डोळ्यांत काजळ, ओठांना लाली. हीरोच्या कपाळाला पट्टी बांधली, तीही त्याची बट न विस्कटता. एक गाणं, एक हुंदका, संपली ड्यूटी. डोंबल तुमचं! पाय गेलेला पोरगा शुद्धीवर येतो आणि विचारतो, "सिस्टर, माझा दुसरा बूट कुठे आहे?" तेव्हा गाणं सुचत नाही. त्याला खोटं सांगायचं नसतं आणि आपण रडायचंही नसतं. हे कुणाला दाखवावंसं वाटलं नाही. तिकिटं खपली नसती.

पडदा गुंडाळला. सेक्रेटरीने माझ्या खांद्यांवर शाल टाकली आणि माइकमध्ये म्हणाला, "काकू वीरपत्नी आहेत. काकू, काकांच्या बलिदानाबद्दल दोन शब्द बोला."

बलिदान केलेले काका दुसऱ्या रांगेत कचोरी खात होते. माणसाने जन्मभर बँकेत नोकरी केली, दिवाळीच्या फटाक्यांनाही घाबरतो.

मी माइक ओढून घेतला. "काका ते बघा, तिथे बसलेत. बलिदान झालंच असेल तर कचोरीचं. फौजेत मी होते. मेजर मी होते."

हॉल खदखदून हसला. सेक्रेटरी माझ्या कानाशी पुटपुटला, "सॉरी हां काकूजी. भियाने फोनवर फौजी फॅमिली म्हणून सांगितलं. स्टेजवर तुम्ही एकट्याच येणार म्हणाले, मतलब मला वाटलं, काका गेले."

भिया म्हणजे आमचा दिवटाच.

घरी जाताना गाडीत त्याला विचारलं, "काय सांगितलंस रे त्यांना?"

"आई, त्याने विचारलं, घरात फौजेत कोण होतं. म्हटलं, फौजी फॅमिली आहे आमची. आता नर्स होती असं काय सांगायचं?"

फार लागलं मला ते. सुट्टीवर यायचे तेव्हा युनिफॉर्म न बदलता या पोराला कडेवर घ्यायचे. त्याला ती आई आठवली नाही. पडद्यावरची काजळवाली आठवली. आणि तिचीच लाज वाटली!

नातीने मागच्या सीटवरून विचारलं, "पप्पा, मी फौजेत गेले, तर माझ्याबद्दल लोकांना काय सांगाल?"

राजवाड्याच्या गर्दीत गाडी अडकली, सुटली, घर आलं. तो नुसता हॉर्न वाजवत राहिला.

उतरल्यावर मी शाल त्याच्या हातात कोंबली. "घे, वीरपुत्रा. गाडी पुसायला होईल. आणि ऐक, उद्या पहाटेपासून ही पळायला जाणार आहे. दार मी उघडून देईन."