साडूबुवा आणि अफाट विश्व

आनंदावर विरजण घालणारे जगात पुष्कळ आहेत, पण त्यासाठी अख्खं विश्व कामाला लावणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या दुर्दैवाने उलव्यात आमच्याच सोसायटीत राहायला आले. तेव्हापासून आम्हाला कसलंच सुख धड लागलेलं नाही. हौसेने नवा सोफा घेतला, तर त्यावर ऐसपैस बसून म्हणाले, "राव, ह्यात बहुतेक सगळी पोकळीच आहे." "दुकानदार तर सागवान म्हणाला," मी म्हटलं. "सागवानाच्या अणूतसुद्धा पोकळीच!"

बायकोच्या भाचीच्या बाळाच्या बारशाला तर कहर केला. बायका पाळणा म्हणत होत्या आणि हे बाळाच्या पणजीला, म्हणजे आमच्या सासूबाईंना, समजावत होते, की सूर्य एक दिवस फुगेल आणि पृथ्वीला गिळून टाकेल. म्हातारी हबकली. "कधी हो?" "अजून काही अब्ज वर्षांनी." "मग जावईबापू, तोवर घुगऱ्या तरी खाऊन घ्या!"

त्यांच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात गळायला लागलं, तेव्हाही प्लंबर बोलवायचं सोडून ते मीटिंगमध्ये आकाशगंगा किती मोठी ते सांगू लागले. खालचे गृहस्थ मूळचे इथल्याच गावचे. शांतपणे ऐकून म्हणाले, "सर, तुमची आकाशगंगा मोठी हाय, पन पानी माझ्या बेडरूममदी येतं ना!" शेवटी प्लंबर मीच शोधला.

मग गेल्या पावसाळ्यानंतर ताईंच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, पोटात गाठ निघाली. डॉक्टर धीर द्यायला म्हणाले, "अगदी लहान आहे हो, काळजी करू नका." ह्यावर साडूबुवा ताडकन उठले. "लहान? तुमच्यासाठी लहान असेल!" मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. ऑपरेशन होईपर्यंत हा माणूस बाकावर एक अक्षर न बोलता बसून राहिला. एरवी ज्या शांततेसाठी मी नवस बोललो असतो, ती मला सोसवेना.

सगळं नीट पार पडलं. ताईंनी डोळे किलकिले केले आणि पहिलं वाक्य काढलं, "निघताना गॅस बंद केलात ना?"

"केला गं, केला."

बाहेर येताच साडूबुवा माझा दंड धरून म्हणाले, "राव, मी बघितलाच नाही. चल लवकर!"

रिक्षाभर मी त्यांच्यावर चिडत होतो. घरी पोचलो, तर गॅस बंद. शेगडीचं बटण बंद, खाली सिलिंडरचंही बंद. ओटा लख्ख पुसलेला. ताईंनीच ॲडमिट व्हायला निघताना केलेलं असणार.

"स्वतःच बंद केला होता, मग विचारलं कशाला?" ते म्हणाले.

"सवय."

ते ओट्यापाशीच उभे राहिले. वर्गात कधी बोलले नसतील इतक्या हळू आवाजात म्हणाले, "केवढा हा विश्वाचा पसारा, राव. त्यात कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. आणि हिला शुद्धीवर येता येता माझी काळजी."

मी सिलिंडर चालू केला आणि दोघांसाठी चहाचं आधण ठेवलं.