नऊ अंगठे

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या ग्रुपवर मी निकाल टाकला. "एम.ए. झाले. पहिला वर्ग. जय भीम." दोन मिनिटांत हेडसरांचं उत्तर. "अभिनंदन मॅडम. तुमचं बरंय, सवलतीत सगळं मिळतं." शेवटी हसरं तोंड.

त्याखाली अंगठे पडू लागले. दोन, पाच, नऊ. माझ्या निकालाला एकही न्हाय. अन् नऊही जण माझ्यासमोरच, शिक्षकांच्या खोलीत, डबे उघडून बसलेले. कुणी मान वर केली न्हाय.

दोन वर्षं रेवदंड्याच्या रिक्षात मांडीवर पुस्तक घेऊन अभ्यास केला मी. ती कसली सवलत होती?

नववा अंगठा सुनीताचा. सहा वर्षं माझ्या शेजारी बसते, माझ्या डब्यातली सुकटीची चटणी मागून खाते. फोन थरथरला. तिचाच मेसेज, पण खाजगीत. लाल बदाम. "लक्ष देऊ नको गं. मी तुझ्याच बाजूची." खरं सांगते, त्या बदामानं घटकाभर बरं वाटलं मला. मग स्वतःचीच चीड आली.

"मग अंगठा कशाला टाकलास?" मी मोठ्यानं विचारलं.

ती कुजबुजली, "अगं, सगळ्यांनी टाकला. कुणी टाकला न्हाय ते सर बघतात ना."

माझ्या आईला सही येत नव्हती. मजुरीच्या मस्टरवर अंगठा उठवायची. घरी आली की ती शाई दगडानं घासत बसायची, कातडं सोलेपर्यंत. लाज वाटायची तिला. मला शाळेत घातलं ते त्या शाईपायी. आणि हे बी.एड. झालेले अंगठेबहाद्दर!

वहीचा कागद फाडला. सरांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. खाली लिहिलं, "सहमत असणाऱ्यांनी सही करावी." कागद टेबलावर फिरवला. एकानं चष्मा पुसला. एकीला हात धुवायची आठवण झाली. सुनीतानं पेनाला टोपण लावलं.

हेडसर दारात आले. "मॅडम, विषय वाढवू नका."

"विषय तुम्ही टाकलात सर. मी फक्त सह्या मागतेय."

कागद एकाही सहीविना परत आला. मी लिहिलं, "असहमत." खाली पूर्ण नाव, एम.ए., सही.

सुनीताला एकच ओळ पाठवली. "हा बदाम ग्रुपवर टाक, न्हायतर तुझ्याकडंच ठेव." तिनं वाचलं. टाकला न्हाय.

ग्रुप मी सोडणार न्हाय. उद्या अलिबागला शिक्षणाधिकाऱ्यांकडं तक्रार देतेय, सोबत हा कागद. सही एकच आहे त्यावर. माझी. तेवढी पुरे.