तीन नंबरची स्क्रीन

माझ्या टेबलावर तीन मॉनिटर आहेत आणि त्यांना माझ्याखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा घरात कायदा आहे. डावीकडे मेल आणि गप्पा, मधे काम, उजवीकडे लोकांना दाखवायचं ते. बाण दाबला की विंडो सरकून कडेला चपखल बसते. तेव्हा माझ्या तोंडावर जे समाधान असतं ते लग्नातसुद्धा नव्हतं, असं नवरा म्हणतो. म्हणू दे.

सासूबाई हडपसरला आमच्याकडे राहायला आल्या आणि कायद्याचे धिंडवडे निघाले. कधी कीबोर्डशेजारी चहाचा कप, कधी सोललेलं डाळिंब. "अहो आई, टेबलावर काही ठेवू नका ना!" मी दिवसातून चारदा ओरडायची.

खंडेनवमीला सकाळी मी झेंडू आणायला मंडईत गेले. आज अवजारांची पूजा, आणि सुनेची अवजारं ही! म्हणून आईंनी वायरी काढून तिन्ही मॉनिटर लख्ख पुसले, हळदकुंकू वाहिलं, पुन्हा जिथल्या तिथे ठेवले. फक्त डाव्याची वायर उजव्याला गेली आणि उजव्याची डाव्याला.

दुपारी साहेबांपुढे ऑनलाइन सादरीकरण होतं. मी टीम लीड होणार की नाही, ते त्यावर ठरायचं होतं. लीडला रोज ऑफिसात जावं लागतं आणि मला तेच हवं होतं. बघते तर सगळ्या विंडो भलतीकडेच! चडफडत एकेक ओढून जागेवर बसवली आणि सवयीने तीन नंबरची स्क्रीन शेअर केली. तीन नंबर म्हणजे उजवी. आता ती डावी झाली होती, आणि तिथे मी बहिणीला लिहिलेलं होतं: "लीड झाले की रोज ऑफिस. आईंच्या तावडीतून सुटेन एकदाची."

साहेब पक्के पुणेकर. म्हणाले, "कारण समजलं. आता काम दाखवा."

मागे वळले तर आई प्रसादाची वाटी घेऊन उभ्या. चष्मा लावलेला. वाटी त्यांनी टेबलावर ठेवली नाही, माझ्या हातात दिली.

महिन्याभराने मी लीड झाले. पहिल्या दिवशी डबा देताना आई म्हणाल्या, "जा निश्चिंत. इथलं काही हलायचं नाही."

संध्याकाळी परत आले. टेबलाला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मॉनिटरवर महिन्याभराची धूळ, कडेला खंडेनवमीचा वाळका झेंडू. हेच हवं होतं ना? घ्या! दोन कप चहा केला, कीबोर्डशेजारी ठेवला आणि आईंना हाक मारली.

आई आपल्या खोलीतूनच म्हणाल्या, "टेबलावर नको हो ठेवूस. डाग पडतील."