कोपऱ्यातला शिक्का

आमच्या काकाच्या सायकल दुकानात गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल होतं, आणि त्यावर बहुतेक वेळा ‘फुंकर’ बसलेलं असायचं. गिऱ्हाईक उभं. ‘फुंकर’ म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचं मासिक. क्लॅरिनेटची पत्ती कशानं चिरते, बासरीच्या कुठल्या भोकावर बोट हलकं ठेवायचं, ट्रम्पेटला गंज चढू नये म्हणून काय करावं, असल्या गोष्टी त्यात. असलं वाचणारी माणसं बोटांवर मोजावीत इतकीच. काका म्हणायचा, “बोटं चांगली असली की तेवढीच पुरतात.”

तरुणपणी काका कारखान्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. मग एकदा टायर चढवताना लोखंडी पट्टी सटकली आणि वरचे पुढचे दात गेले. क्लॅरिनेटची चोच वरच्या दातांखाली धरायची असते. दात गेले, तसं वाजवणं गेलं. वाद्य पेटीत गेलं आणि पेटी माळ्यावर. दात बसवून घ्या म्हणून काकू मागं लागली, तर म्हणाला, “उसन्या दातांनी एक वेळ घास चावेन, सूर नाही धरणार.” मग घासही तसाच गिळत राहिला. हसताना तोंडावर हात ठेवायची सवय त्याला तेव्हापासूनची.

उरलं ते ‘फुंकर’. शेवटच्या पानावर ‘अर्धी चाल’ नावाचं सदर असे. एका धुनेचा पहिला भाग या अंकात, दुसरा पुढच्या अंकात. काका ते पान समोर ठेवून पंपाच्या दांड्यावर बोटं चालवायचा. आवाज काही नाही, नुसती बोटं. उन्हाची तिरीप दुकानात शिरून पुन्हा बाहेर जाईपर्यंत ती चालत राहायची.

अंकाच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का असे, ‘भेट’. बँडमध्ये असताना काकानं पत्तीबद्दल चार ओळी लिहून पाठवल्या होत्या, त्या छापून आल्या आणि तेव्हापासून अंक आपोआप घरी येऊ लागला. तो शिक्का काका येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, जसं कुणी पदक दाखवावं.

एका महिन्याच्या अंकात संपादकांनी चौकट टाकली होती. वर्गणीदार मिळाले नाहीत, तर हाच अंक शेवटचा. काकानं ती चौकट वाचली, पान उलटून ‘अर्धी चाल’ बघितली, हाताचं वंगण पुसलं आणि संपादकांना फोन लावला.

“चाल अर्धी छापलीत आणि दुकान बंद करता? असं कुणी करतं का?”

“पुरी छापायला वर्गणीदार लागतात हो,” संपादक थकून हसले. “चाळीसेक मिळाले तरी वर्षभर तग धरू.”

“त्यातले वीस माझे, उरलेले तुम्ही बघा.”

काकू आतून ऐकत होती. “अहो, आपल्या गल्लीत वीस माणसं वर्तमानपत्र घेत नाहीत!”

“म्हणून तर त्यांच्याकडे वाचायला वेळ आहे.”

जुने अंक सायकलच्या कॅरिअरला बांधून काका निघाला. पण ‘वर्गणी’ हा शब्दच नडला. तो तोंडातून निघाला की दार अर्धं मिटायचं. बेकरीवाल्यानं तर काही न विचारता हातावर एक नाणं टेकवलं. “घ्या मास्तर. कशाची का असेना.”

काकानं नाणं परत ठेवलं. “वर्गणी नको. वर्गणीदार हवाय.”

“फरक काय पडतो?”

“वर्गणी देणारा मोकळा होतो. वर्गणीदार अडकतो.”

“मग नकोच बाबा,” बेकरीवाला म्हणाला आणि भट्टीकडे वळला.

असा घरोघर नकार गोळा करून काका परतला, तेव्हा समोरची शिंपीण दारात बसून परकराचा काठ दुमडत होती. तिच्या ओठांत टाचण्या असायच्या आणि त्यांच्याहून टोकदार असे जीभ.

“भाऊजी, वर्षाचे तुम्ही स्वतः किती भरता?”

“मला भेट येतो. हा बघा शिक्का.”

तिनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या, म्हणजे नीट बोलता यावं. “भेट म्हणजे फुकटच ना? वा भाऊजी! आपण फुकट जेवायचं आणि गावाला सांगायचं, ताट विकत घ्या!”

व्हॉल्व्ह काढलेल्या ट्यूबसारखा काका बसला. इतकी वर्षं तो ज्याला मान समजत होता, तो दुसऱ्या बाजूनं असा दिसत होता. त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली वर्गणी पाठवली.

“अहो, तुमचा भेट राहू द्या,” संपादक फोनवर म्हणाले. “जुना मान आहे तो.”

“मानावर कागद मिळत नाही. शिक्का काढा.”

मग काका रस्ता ओलांडून शिंपिणीकडे गेला. “भरले. आता तुम्ही?”

ती या वेळी टोचून बोलली नाही. “भाऊजी, आम्हाला त्यातलं काय कळणार? कागदावर खुणा दिसतात, ऐकू कुठं येतं?”

काका तसाच मागं फिरला. तो घरी आला आणि शिडी लावून माळ्यावर चढला.

क्लॅरिनेट निघालं, पुसलं गेलं, नवी पत्ती लागली. पण चोच तोंडात धरली की हिरडीवरून घसरायची आणि किंकाळी निघायची. पहिलीच ऐकून काकू धावत आली. “मांजर सापडलं का हो कशात?” काका हट्टानं फुंकत राहिला. हिरडी सोलवटली, तरी चोच टिकेना. शेवटी कंटाळून तो एका पोराची पंक्चर काढायला बसला. ठिगळ कापलं, सोल्युशन लावलं, आणि ठिगळ हातात तसंच धरून चोचीकडे बघत राहिला. मग पोराला म्हणाला, “थांब जरा. आधी माझं पंक्चर.”

जिथं दात टेकायचे तिथं ट्यूबचं ठिगळ बसलं. हिरडी त्यावर घट्ट रुतली.

संध्याकाळी काकानं ‘फुंकर’ स्टुलावरून उचलून पान समोरच्या खिळ्याला अडकवलं आणि स्वतः स्टुलावर बसला. सूर पहिल्यासारखा नव्हता. त्यात वारा गळत होता, कडा खरखरत होत्या. पण जुन्या वाटेनं पाऊल आपोआप पडावं, तशी धून चालू लागली. बेकरीवाला पीठभरल्या हातांनी येऊन उभा राहिला. शिंपीण गळ्यात टेप घेऊन आली. धून वर चढली, आता उतरणार असं वाटलं, आणि काका थांबला.

“पुढं?” बेकरीवाल्यानं विचारलं.

“पुढं छापलेलं नाही.”

“म्हणजे?”

“अंक निघाला तर कळेल. मलाही माहीत नाही.”

“ही तुमची चाल आहे भाऊजी!” शिंपीण ओरडली.

“अर्धी,” काका म्हणाला आणि हसला. हात तोंडाकडे गेला नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी तीच धून, तोच चढ, तिथंच थांबणं. गल्ली वैतागली. “मास्तर, ते अर्धं डोक्यात घुमत राहतं, माझे पाव करपले,” असं म्हणत बेकरीवाल्यानं आधी नाव दिलं. शिंपिणीनं दिलं ते बजावून, “मला भेट नको हं. मी विकत घेणारी आहे.” नावं येत गेली, पण वीस काही होईनात. दोन कमी पडत होती. काकानं दुकानाला कुलूप लावलं, क्लॅरिनेट पाठीला बांधलं आणि सायकलवरून शेजारच्या गावी गेला. तिथं बँडमधले दोन जुने सोबती होते, ट्रम्पेटवाला आणि ढोलवाला. ढोलवाला म्हणाला, “अरे, मी कुठं फुंकून वाजवतो?” काका म्हणाला, “चहा फुंकूनच पितोस ना? लिही नाव.”

अंक आला त्या संध्याकाळी दुकानापुढं गर्दी होती. काकानं वेष्टण फाडलं, पण शेवटचं पान उघडलं नाही. अंकाचा कोपरा त्यानं शिंपिणीपुढं धरला.

“बघा.”

“काय बघू? काहीच नाही तिथं.”

“तेच बघा.”

तिनं वाकून तो कोरा कोपरा नीट बघितला, जशी ती शिवण बघते. “बघितलं,” ती म्हणाली. “आता वाजवा.”