मशीनकाकूंचं भांडण

मशीनकाकू येशूशी भांडायच्या. त्या स्वतः त्याला प्रार्थना म्हणत. पण भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आमच्या दोन क्वार्टरांच्या मध्ये एकच पातळ भिंत होती, आणि भिंतीच्या अलीकडे जे ऐकू यायचं त्याला प्रार्थना म्हणायला माझी जीभ रेटत नाही. "तुले दिसून नाही राहिलं का? का झोपला तू?" अशी सुरुवात व्हायची. मग शिलाई मशीनचा खडखडाट. मग पुन्हा, "मी तुले काल बी सांगतलं, परवा बी सांगतलं. आता नाही सांगणार, बस!" आणि लगेच तेच सगळं पहिल्यापासून. लहानपणी मला वाटायचं, की येशू नावाचे कुणी गृहस्थ त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेले असतात आणि बिचारे मान खाली घालून ऐकून घेतात.

काकू अमरावतीकडच्या. माहेर-सासर दोन्ही मराठी ख्रिस्ती. काका स्टील प्लांटमध्ये होते, ते लवकर वारले आणि मागे लीजवर घेतलेलं क्वार्टर आणि विल्सनदादा एवढं ठेवून गेले. विल्सनदादाही पुढे प्लांटमध्येच लागला. आमच्या रांगेत तेलुगू, मल्याळी, बिहारी, छत्तीसगढी सगळेच राहत, ते त्यांना आंटी म्हणायचे. आम्ही मशीनकाकू म्हणायचो, कारण दारातून आत गेलं की आधी मशीन दिसायचं आणि मग मशीनमागे काकू. ब्लाउज, परकर, शाळेचे युनिफॉर्म असं सगळं त्या शिवून द्यायच्या.

पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. चर्चमधलं कुणी वारलं की सुतार शवपेटी घेऊन थेट काकूंच्या ओट्यावर यायचा. आतून ती पेटी नुसतं लाकूड. काकू तिला अस्तर लावायच्या. पांढरं सॅटिन, कडेनं बारीक चुण्यांची झालर, आणि डोक्याखाली कापसाची छोटी उशी. उशीच्या बाबतीत त्या फार काटेकोर. कापूस हातानं पिंजून, एकेक गाठ काढून भरायच्या. "झोपणाऱ्याले टोचलं तर तो सांगायले येणार आहे का?" असं म्हणायच्या. आणि त्यांचा एक नियम होता. अस्तर कधी मुक्यानं शिवायचं नाही. मशीन चालू आहे तोवर त्या माणसाचं नाव घेऊन येशूशी बोलत राहायचं. कोण होता, कुणाच्या उपयोगी पडला, घरी कोणाला टाकून आला, आणि त्याला न्यायची एवढी काय घाई झाली होती. "तिकडे गर्दी असन वो," त्या आईला सांगायच्या, "इकडून कोणी नाव तरी सांगायले पाहिजे का नाही?"

हे सगळं त्या माझ्या आईला सांगायच्या ही त्यातली गंमत. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षेच्या वेळी देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली होती, आणि आई ती खुद्द आजोबांपेक्षा कडक पाळायची. आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती, पण तिच्याकडे काही मागायचं नाही, हे आम्हाला कळायला लागल्यापासून बजावलेलं. तरी काकूंच्या झालरीच्या चुण्या घालून द्यायला आईच जायची, कारण तिची बोटं बारीक कामाला चांगली. "ताई, तुमचा येशू बहिरा आहे का? एवढं काहून ओरडता?" असं ती चुण्या घालता घालता विचारायची. काकू दोरा दातानं तोडत म्हणायच्या, "बहिरा कायचा! ऐकून न ऐकल्यावानी करते. माहा सासरा बी असाच होता." एकदा आई म्हणाली, "मले नका सांगू बाप्पा तुमचा देव, आमाले चालत नाही." त्यावर काकू जराही न रागावता म्हणाल्या, "तुले कोण देऊन राहिलं? तू नको बोलू. तुह्या वाटणीचं बी मीच बोलून देतो म्हणून समज." दोघी हसल्या. तेव्हा ते हसण्यावारीच गेलं.

मग कोरोनाची ती दुसरी लाट आली. दुर्ग-भिलाईत त्या उन्हाळ्यात काय झालं हे इथल्या माणसांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. बाबा आणि विल्सनदादा मागेपुढे आजारी पडले आणि दोन वेगळ्या दवाखान्यांत भरती झाले. मी आणि आई तापानं घरातच बंद होतो. बाबांचा शेवटचा फोन आला तेव्हा ते धाप लागत एवढंच म्हणाले, "शीला, पाणी पाहिजे होतं." आई फोनमध्ये ओरडत राहिली, "सिस्टरले सांगा ना! कोणी आहे का तिथं?" त्यानंतर फोन आला तो दवाखान्यातून. बाबांना आम्ही पाहिलं नाही. कुणी परक्यांनीच त्यांना नेलं आणि अग्नी दिला. वंदना म्हणायलाही आमचं कुणी तिथं नव्हतं.

आई रडली नाही. सकाळी उठून बाबांची कामावर न्यायची पाण्याची बाटली भरायची, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायची आणि तिच्याकडे बघत बसायची. मी ताट पुढे केलं की ते बाजूला सारायची. आई मला डोळ्यांसमोर संपताना दिसत होती आणि मला काय करावं ते समजत नव्हतं.

भिंतीपलीकडे काकूंचं चालूच होतं. आता त्यात मशीन नव्हतं, नुसता आवाज होता, फाटलेला. "एकच आहे मले. तुह्या बापाले बी एकच होता, म्हणून तुले सांगून राहिली. त्याले मालूम आहे कसं वाटते ते. विचार त्याले!" हे ऐकून मी उशीत तोंड घालून रडायची. आई मात्र खाट ओढून भिंतीला लावायची आणि कान देऊन ऐकायची.

एका दुपारी तो आवाज थांबला. थोड्या वेळानं मशीन सुरू झालं आणि आम्हाला कळलं की विल्सनदादा गेला.

काकू अस्तर शिवायला बसल्या होत्या. आयुष्यभर मरणाची बातमी आली की त्या मशीनवर बसल्या, आणि आज पोटचा पोरगा होता तरी त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. पण त्या दिवसांत पेटी घरी येत नव्हती. दवाखान्यातून बंद करून परस्पर कबरस्तानात जायची, आणि ती उघडायची कुणाला परवानगी नव्हती. हे अख्ख्या सेक्टरला माहीत होतं. काकूंनाही माहीत असणार, पण त्या घटकेला त्यांच्या डोक्यात ते नव्हतं. त्या शिवत होत्या आणि बोलत होत्या. "विल्सन नाव त्याचं. उजव्या कुशीवर झोपते तो. त्याले पंख्याखाली झोप येते, तिकडे पंखा नसन तर पाह्य काहीतरी." मी उठले. आईनं माझा हात धरला. "नको जाऊ. शिवू दे," ती म्हणाली. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा बोलत होती. पेटीला हे लागणार नाही असं जाऊन कोणी सांगायचं?

ते पाद्रीसाहेबांच्या फोननं सांगितलं. दफन झालं होतं. मशीन मध्येच थांबलं आणि त्यानंतर भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. रडणंसुद्धा नाही.

लाट ओसरली तरी काकू गप्पच. मशीनवर ते अस्तर तसंच पडलेलं, झालर अर्धी जोडलेली. चर्च उघडलं, त्या गेल्या नाहीत. पाद्रीसाहेब घरी आले आणि देवाच्या इच्छेबद्दल काही म्हणाले. काकूंनी त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येशूच्या आईनं बी पोरगं मरताना पाह्यलं साहेब. तिले पाह्यले तरी भेटलं. मले ते बी नाही." एवढं बोलून दार लावलं. आम्ही डबा ठेवायचो, तो बहुतेक तसाच परत यायचा. इकडे आई जेवत नव्हती, तिकडे काकू. मधे ती पातळ भिंत आणि दोन्हीकडे शांतता. देवावरचा माझा विश्वास कधीच नव्हता, पण त्या दिवसांत काकूंनी एकदा तरी त्याला शिवी हासडावी, असं मला फार वाटायचं.

शेवटी आईच उठली. बाबांची भरलेली बाटली हातात घेऊन ती शेजारी गेली, मी तिच्या मागून. काकू खाटेवर बसलेल्या, केस न विंचरलेले. आई उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, भांडत काहून नाही तुमी?"

काकूंनी वर पाहिलं. "कोणाशी भांडू? त्यानं ऐकलं असतं तर..."

"मले नाही मालूम तो आहे का नाही," आई म्हणाली. "पण तुमी भांडत होत्या तवा मले वाटे, तिकडे कोणी तरी बसलं आहे ऐकत. माह्या घरी तर कोणीच नाही ना ताई! यांच्या नावानं कोणी एक शब्द नाही बोललं. हे पाणी मागत गेले. मी कोणाले विचारू? सांगा, कोणाले विचारू?" आणि ती बाटली धरूनच खाली बसली आणि इतक्या दिवसांनी, मोठ्यानं, रांगेतल्या सगळ्या दारांना ऐकू जाईल अशी रडली.

काकू उठल्या, मशीनपाशी गेल्या, अस्तर बाजूला केलं. सुईत दोरा नव्हता. तसंच त्यांनी पायानं मशीन चालवायला घेतलं आणि तोंड उघडलं. सुरुवात विल्सनदादापासून नाही केली. "ऐक," त्या म्हणाल्या, आवाज अगदी खोल गेलेला, "हा शीलाचा नवरा तिकडे आला आहे. तुले मानत नव्हता, तरी चांगला माणूस होता. त्याले पाणी पाजलं का कोणी? आधी पाणी पाज त्याले. मग माह्याशी बोल." मग त्या विल्सनवर आल्या आणि मग नुसतं माझं लेकरू, माझं लेकरू, असंच राहिलं. मशीन चालत होतं, दोघी रडत होत्या. त्या संध्याकाळी मी खिचडी टाकली आणि दोघींनी थोडी थोडी खाल्ली.

यानंतर काकू बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. सकाळी सकाळी विल्सनदादाच्या ड्यूटीची वेळ झाली की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि मग आठवण होऊन आत जायच्या. पण भांडण पुन्हा सुरू झालं होतं. मी एकदा विचारलं, "काकू, एवढं बोलून शांती मिळते का?" त्या म्हणाल्या, "शांती-बिंती काही नाही व माय. पण मी रडते तवा तो उठून जात नाही. बाकी सगळे उठून जातात. त्यायले घरं आहेत, कामं आहेत. हा बसून राहते."

ईस्टरच्या पहाटे चर्चची माणसं कबरस्तानात मेणबत्त्या घेऊन जमतात. त्या लाटेतल्या कबरी एका कोपऱ्यात घाईघाईनं केलेल्या, आणि विल्सनदादाची नक्की कुठली, हे तिथला माणूससुद्धा छातीठोक सांगू शकत नव्हता. काकूंनी त्या कोपऱ्यातल्या सगळ्याच कबरींवर मेणबत्त्या लावल्या. आई सोबत होती, ती काडी ओढून देत होती. "यातला एक माहा आहे," काकू म्हणाल्या, "बाकीचे बी कोणाचे तरी असतीनच."

त्या अस्तराचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. काकूंनी ते उसवलं. पुढे जी पेटी आली तिच्या उशीला त्यातला तुकडा लावला. मग पुढच्या पेटीच्या उशीला. कुणाच्याही पेटीला अस्तर नवं असायचं, पण डोक्याखाली विल्सनदादाचं सॅटिन जायचं. "त्याले नाही भेटलं, तर ह्यायच्या हातानं पाठवून राहिली," त्या म्हणायच्या. आई कापूस पिंजून द्यायला बसायची. पिंजताना तिच्या हातून गाठ राहिली की काकू तिला चिडवायच्या, आणि आई ऐकून घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. फार आजारी नव्हत्या, दोन-चार दिवस ताप आणि मग श्वास लागला. या वेळी आम्ही जवळ होतो. तोंडात पाणी आईनंच घातलं. पाद्रीसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, हल्ली रायपूरहून अस्तर लावलेली तयार पेटी येते, तीच मागवू, आता हे काम कुणाला जमतं? आई म्हणाली, "मले जमते." तिनं कपाट उघडलं. विल्सनदादाच्या सॅटिनचा शेवटचा तुकडा घडी करून ठेवलेला होता, एका उशीपुरता.

ओट्यावर पेटी आली. आई मशीनवर बसली. दोरा ओवला, पाय ठेवला, आणि मशीन सुरू झालं. चर्चच्या बायका भोवती उभ्या होत्या, कुणी हळू आवाजात गाणं सुरू करणार होतं. आईनं हात वर करून त्यांना थांबवलं. आणि जिनं आयुष्यात कुठल्याच देवापुढे मान वाकवली नाही, ती माझी आई खाली सुईकडे बघत, काकूंच्याच ठसक्यात बोलायला लागली.

"ऐक. मी तुले मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण इथं मुक्यानं शिवत नाहीत, म्हणून बोलून राहिली. विल्सनची आई येऊन राहिली तिकडे. तिले पोराजवळ बसव. लय दिवस झाले तिले, त्याले पाह्यलं नाही." तिनं दोरा दातानं तोडला आणि डोळे पुसले. "अन् उठून नको जाऊ तिच्याजवळून. तिनं सगळ्यायले सांगून ठेवलं आहे, का तू जात नाही म्हणून."