पुसलेला मेसेज कुठं जातो?

मोबाइलच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्यांजवळ लोकांची गुपितं साठतात, असा सगळ्यांचा समज. आमच्या वर्ध्याच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये गुपितं कमी आणि किस्सेच जास्त साठले! काळ दोन हजार पाच-सहाचा. आम्ही तिघंच: वानखेडे सर, माझ्यासोबत शिकणारी नंदा आणि मी.

*

पहिल्याच दिवशी सरांनी स्वतःचं सिम कॉम्प्युटरला जोडलेल्या रीडरमध्ये घातलं. "यातले सगळे मेसेज मी काल डिलीट केले." आणि स्क्रीनवर ओळी उमटू लागल्या! पुसलं की फोन त्या जागेवर फक्त 'रिकामी' अशी खूण करतो, अक्षरं तिथंच असतात. मी बघतच राहिलो. शेवटचा मेसेज सरांच्या बायकोचा होता: 'जेवाले येता का तिथंच राह्यता?'

"हा परत पुसू," सर घाईनं म्हणाले.

नंदा म्हणाली, "काऊन सर? तो काही जात नाई!"

*

केळझरच्या गणपतीला गेलो, तेव्हा मंदिराबाहेर लॅपटॉप उघडून बसलो. लोक तेव्हा मोबाइल गळ्यात अडकवून हिंडायचे, ब्लूटूथ कायम सुरू. आसपासच्या फोनांची नावं भराभर आली. एकानं नाव ठेवलं होतं, 'मले शोधू नको'. नंदा ओरडली, "सर, हाच पह्यले सापडला!"

संध्याकाळी वर्ध्याच्या बसस्टँडवर सहज लॅपटॉप उघडला, तर पुन्हा 'मले शोधू नको'! त्या माणसाचं तोंडही आम्ही पाहिलं नव्हतं आणि तो कुठून कुठं आला, ते कळलं होतं. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

*

पिपरी मेघेला नंदाच्या घरी तिच्या आईनं हे ऐकलं आणि फोन थेट स्टीलच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं. "आमच्या घरच्या गोष्टी या फोनले काऊन ऐकवू?"

सरांनी गंमत म्हणून फोन लावून पाहिला. लागेचना! सर थक्क. "ताई, लहरी अडवणारी पेटी द्या म्हणून मी वर्षभर अर्ज करून राह्यलो!" दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये स्टीलचा डबा आला.

*

आमची कीर्ती पसरली, तसा नाचणगावचा एक जण बहिणीला घेऊन आला. ती आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. तिचं सिम त्यानं टेबलावर आपटलं. "सर, हिनं मेसेज पुसले. तुमच्या इथं पुसलेलं निघते म्हणे. काही निघालं तं हिचं कॉलेज आजपासून बंद!"

पोरगी मान खाली घालून उभी. मला रागही आला आणि भीतीही वाटली. नाही म्हटलं तर तो संशयावरच कॉलेज बंद करणार. आणि वाचलं तर निघणार, हे आम्हा तिघांना पक्कं माहीत होतं.

सर शांत. "निघते ना. पण मशीन बरोबर वाचून राह्यली का, हे आधी दुसऱ्या सिमवर पाहा लागते. तुमचं द्या."

"माझं?"

"हो. हिच्यासमोरच वाचू."

त्याचा हात खिशाकडे गेला आणि खिशावरच राहिला. "राहू द्या सर. आमची बस हाये आता."

पोरीनं पहिल्यांदा मान वर केली. "दादा, दुसरी बस अर्ध्या तासानं हाये!"